रुग्णालयाच्या मंडळावरचा वकील नेमका कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्मादाय रुग्णालयाने गरीब रुग्णाला खाट नाकारली, आधी अनामत भरा म्हणून नातेवाइकांना ताटकळत ठेवले, अशा बातम्या वरचेवर येतात. त्यावरची चर्चा डॉक्टर आणि व्यवस्थापनापाशी थांबते. अशा रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर पुष्कळदा एखादे वकीलही असतात. त्यांची तिथली जबाबदारी कोणती, हे कुणी विचारत नाही. वकिलीचे शिक्षण घेऊन सार्वजनिक आरोग्याच्या कामात उतरू पाहणारी तरुण मुले-मुली आज आहेत आणि त्यांना या वाटेची नीट माहिती द्यायला फारसे कुणी नाही, म्हणून हे पत्र.

आमचे म्हणणे असे आहे. कायद्याने रुग्णाला जे देऊ केले आहे ते रुग्णालयाकडून रोजच्या रोज घडते की नाही, हे पाहणे हे मंडळावरच्या वकिलाचे पहिले काम आहे. रुग्णालयाचे खटले लढवणे हे वेगळे काम, आणि ते वेगळ्या वकिलाने करायचे.

हा केवळ नैतिकतेचा आग्रह नाही. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत लिहिले आहे की, वकील ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर असेल, मग त्या समितीचे नाव काहीही असो, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने न्यायालयात अथवा प्राधिकरणापुढे उभे राहू नये. व्यवहारात मात्र वकील विश्वस्त म्हणून घेतला जातो तो ‘केस बघायला घरचा माणूस’ म्हणून. ग्राहक आयोगातली तक्रार, कामगार न्यायालयातला वाद, धर्मादाय आयुक्तांची नोटीस, सगळे त्याच्याच टेबलावर येते. परिणाम असा होतो की रुग्णाची तक्रार आली की तो तिच्याकडे उद्याचा दावा म्हणून पाहतो. ‘काही लिहून देऊ नका, कागद देऊ नका, उत्तर मी बघतो’ हा त्याचा पहिला सल्ला असतो. वकीलपत्र घेतलेल्या माणसाचा तो स्वाभाविक सल्ला आहे. पण ‘इथे आपले चुकले आहे, आजच दुरुस्त करा’ असे सांगू शकणारा मंडळावरचा एकमेव माणूस त्यामुळे गप्प होतो.

दुसरी गोष्ट सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची. नियमांनुसार सनद चालू ठेवून वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. रुग्णालयाचा मुख्य प्रशासक किंवा विधी अधिकारी म्हणून पगारावर जायचे असेल तर बार कौन्सिलला कळवून तेवढ्या काळापुरती वकिली थांबवावी लागते. रुग्णालय कंपनीच्या रूपात चालत असेल तर वकील संचालक होऊ शकतो, बैठकीचे नेहमीचे मानधनही घेऊ शकतो. पण त्याचे काम कार्यकारी स्वरूपाचे असता कामा नये, आणि व्यवस्थापकीय संचालक किंवा सचिव तर त्याला होताच येत नाही. हे ठाऊक नसल्याने अनेकजण ‘मानद सचिव’ म्हणून सुरुवात करतात आणि हळूहळू खरेदीच्या बिलांवर सह्या करू लागतात. त्या सह्यांबरोबर त्यांची तटस्थता जाते.

मंडळावर आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काय वाचायचे, हे ठरलेले असले पाहिजे. आधी न्यासपत्र, म्हणजे ज्या दस्ताने न्यास (विश्वस्त संस्था) स्थापन झाला तो दस्त, आणि धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचा उतारा. विश्वस्त बदलला, मालमत्तेत भर पडली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज राहून गेलेले असतील तर कागदावरचे विश्वस्त एक आणि सह्या करणारे दुसरेच, अशी अवस्था होते. मग बँकेपासून न्यायालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. त्यानंतर जमिनीचा आदेश. शासनाने किंवा पालिकेने सवलतीत जमीन दिली असेल, तर त्यातल्या अटी हा रुग्णालयाच्या कर्तव्यांचा मूळ दस्तऐवज असतो. तो बहुधा जुन्या फाईलमध्ये पडलेला असतो आणि सध्याच्या व्यवस्थापनातल्या कुणी तो वाचलेला नसतो. जमीन विकायची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. औषध दुकान किंवा तपासणी केंद्र बाहेरच्या संस्थेला चालवायला देताना हा मुद्दा तपासला गेला होता का, हेही पाहावे.

यानंतरचे वाचन सर्वांत महत्त्वाचे, आणि इथेच बहुतेक मंडळे कच्ची असतात. ते म्हणजे त्याच अधिनियमाचे, गरीब रुग्णांसाठी खाटा राखण्याबाबतचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने मंजूर झालेली, १ सप्टेंबर २००६ पासून लागू असलेली योजना. ‘आम्ही सरकारी अनुदान घेत नाही, आम्हाला हे लागू नाही’ हा गैरसमज अजून ऐकू येतो. सवलतीतली जमीन किंवा बांधकाम नियमांतली सूट मिळालेली रुग्णालये यात येतातच, शिवाय ज्यांचा वार्षिक खर्च पाच लाखांवर आहे तेही येतात. आजच्या काळात या व्याख्येबाहेर राहणारे न्यासाचे रुग्णालय शोधूनच काढावे लागेल.

योजनेचा गाभा असा: कार्यान्वित खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. निर्धन म्हणजे सध्या वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत, दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेचे कार्ड. ही पडताळणी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाने करायची आहे, रोखपालाच्या खिडकीने नव्हे. खाट, निवासी डॉक्टर, शुश्रूषा, रुग्णालय जेवण देत असेल तर जेवण, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या यांचे बिल निर्धन रुग्णाच्या नावावर लागायलाच नको. बाकीच्या सेवांचे बिल त्या रुग्णालयातल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने करायचे, आणि औषधे, वापराचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायची. हे बिलही निर्धन रुग्णाने भरायचे नसते, ते निर्धन रुग्ण निधीतून वळते करायचे असते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधे, साहित्य आणि उपकरणे यांच्या बिलातला किमान निम्मा वाटा उचलावा लागतो.

निधी येतो कुठून? निर्धन आणि दुर्बल घटक सोडून इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम, कोणतीही वजावट न करता, स्वतंत्र खात्यात जमा करायची असते. ‘कोणतीही वजावट न करता’ हे शब्द वकिलाने अधोरेखित करून लेखापालाच्या समोर ठेवावेत. विमा कंपनीने कापलेली रक्कम वजा करून, सूट वजा करून किंवा प्रत्यक्ष वसुलीवर २ टक्के काढले, तर निधी दर महिन्याला थोडा थोडा कमी पडतो आणि वर्षाच्या शेवटी ही तूट मोठी होते. औषध दुकान वेगळ्या संस्थेच्या नावावर असेल तर त्याचे बिल हिशेबात धरले आहे का, हे बैठकीत लेखी विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात घ्यावे.

आकड्यांत पाहू. समजा, १५० कार्यान्वित खाटा आहेत आणि इतर रुग्णांचे मासिक बिल ४ कोटी रुपये. मग १५ खाटा मोफत, १५ सवलतीच्या आणि निधीत दरमहा ८ लाख. एखाद्या उपकरणाची खरेदी किंमत ४० हजार आणि छापील किंमत ९० हजार असेल, तर खरेदी किमतीने ८ लाखांत २० रुग्णांना ते मिळते. छापील किमतीने नवव्या रुग्णापाशी निधी आटतो. ‘निधी संपला’ हे वाक्य ऐकले की वकिलाने आधी दर कोणते लावले ते तपासावे. निधी खरोखर अपुरा पडत असेल तर ती बाब योजनेवर देखरेख ठेवणाऱ्या संनियंत्रण समितीपुढे नेण्याची वाट योजनेतच आहे. रुग्णाला दारातून परत पाठवणे ही वाट योजनेत कुठेही नाही.

बिघाड होतो तो साधारण ठरावीक जागी. एक म्हणजे पॅकेजचे बिल. ‘शस्त्रक्रिया पॅकेज’ अशी एकच रक्कम लिहिली की त्यातले बिलपात्र किती आणि बिलाबाहेरचे किती हे वेगळे काढताच येत नाही. निर्धन खात्यातला प्रत्येक कागद बाबवार हवा. दुसरे म्हणजे राखीव खाटांची नोंदवही. खाटा भरलेल्या दिसतात, पण त्यावर कर्मचाऱ्यांचे नातेवाईक किंवा शिफारशीचे रुग्ण असतात. दर महिन्याला नोंदवहीतली दहा नावे उचलून त्यांचे उत्पन्नाचे कागद पाहिले तर चित्र स्पष्ट होते. तिसरे म्हणजे दाखल होतानाच्या फॉर्ममध्ये घुसवलेले ‘मी कोणत्याही योजनेचा लाभ मागणार नाही’ हे वाक्य. मृत्यूच्या भीतीत असलेल्या नातेवाइकाची त्यावर सही घेणे हे लज्जास्पद आहे. असे वाक्य कोणत्याही अर्जात दिसले तर ते काढून टाकण्याचा ठराव वकिलाने स्वतः मांडावा.

तातडीच्या रुग्णाबाबत तर शंकेला जागाच नाही. योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने अशा रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, गरज पडल्यास सार्वजनिक रुग्णालयात हलवण्याची सोय करायची आणि अनामत मागायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे जीव वाचवण्याचे कर्तव्य सांगितले. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून रुग्ण फिरवणे हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. हे निकाल मंडळाच्या बैठकीत सांगून भागत नाही. रात्री दोन वाजता अपघात विभागाच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला ते माहीत हवेत. त्यासाठी एक पानाचा मराठीतला लेखी आदेश लागतो: तातडीचा रुग्ण कोण ठरवणार, संगणकात अनामतीचा रकाना न भरता नोंद कशी पुढे न्यायची, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. अनेक ठिकाणी संगणकप्रणालीच अनामतीशिवाय पुढे सरकत नाही. कर्मचारी ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. ती प्रणाली बदलून घेणे हे मंडळाचे काम आहे.

संमतीपत्रांकडेही वकिलाने लक्ष द्यावे. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालाने ठरले आहे. तरी दाखल होतानाच कोऱ्या जागांच्या चार-पाच इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या जातात. रुग्णाच्या भाषेत, त्या विशिष्ट प्रक्रियेचे नाव, पर्याय आणि धोके लिहिलेला, समजावून सांगणाऱ्या डॉक्टरच्या सहीचा कागद रुग्णाचेही रक्षण करतो आणि डॉक्टरचेही. वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे आणि तीन वर्षे जपणे हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले आणि रुग्ण हक्क सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. ही सनद जिन्याखाली लावलेली असेल तर ती लावलेली नाही असेच धरावे.

आगीबाबत फार लिहीत नाही, पण वगळताही येत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळे गेली. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. वर्षातून दोनदा हा कागद बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपोआप यावा, एवढी व्यवस्था वकील करू शकतो.

विश्वस्त मंडळाबाहेरही वकिलासाठी कायद्यानेच राखलेल्या जागा आहेत, आणि त्या अनेकदा नावापुरत्या भरल्या जातात. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालच्या आठ जणांच्या सल्लागार समितीत एक विधिज्ञ असतो. दोन बैठकांमधले अंतर ६० दिवसांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. या कायद्याखाली न्यायालय दखल घेते ती समुचित प्राधिकाऱ्याच्या (हा कायदा राबवायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) तक्रारीवर, किंवा १५ दिवसांची नोटीस देऊन सामान्य व्यक्तीने केलेल्या तक्रारीवर. नुसत्या पोलीस ठाण्यातल्या नोंदीवर विसंबलेले प्रकरण इथेच अडखळते. यंत्र सील करताना पंचनाम्यात त्याचा क्रमांक नसणे, गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद असलेल्या फॉर्म ‘एफ’ च्या मूळ प्रती ताब्यात न घेणे, तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीची अधिसूचना जोडलेली नसणे, या चुका धाडीच्या दिवशी होतात आणि बाहेर पडतात पुढे कधीतरी उलटतपासणीत. समितीतल्या विधिज्ञाने धाडीपूर्वीच तपासयादी करून दिली तर त्या टळतात.

औषध चाचण्यांच्या नैतिकता समितीतही विधिज्ञ अनिवार्य आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान सात सदस्य, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे, आणि गणपूर्तीसाठी लागणाऱ्या पाचांत विधिज्ञ एक. म्हणजे तो नसेल तर बैठकच वैध नाही. असे असूनही त्याच्याकडे कागद येतात ते बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. संशोधनात सहभागी रुग्णाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, विम्याची मुदत चाचणीइतकी आहे का, मराठी संमतीपत्र इंग्रजीशी जुळते का, हे वाचायला निदान आठवडा लागतो. तेवढा वेळ मिळाला नाही तर विषय पुढच्या बैठकीत ढकलण्याचा आग्रह धरावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

ज्या तरुण वकिलाला मंडळावर कुणी बोलावणार नाही, त्याच्यासाठीही काम भरपूर आहे, आणि आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव नोंदवावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीलाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २७ ने ती दिली आहे. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला त्याच कायद्याखालच्या पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो हे सांगणारेच कुणी नसते. तिथे आठवड्यातून एक दुपार देणारा वकील कितीतरी बदल घडवतो.

स्थायी लोक अदालत हा मार्गही वकिलांकडून दुर्लक्षित राहतो. रुग्णालय आणि दवाखान्याची सेवा ही कायद्याने ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ आहे. त्यामुळे वाद न्यायालयात जाण्यापूर्वी तिथे अर्ज करता येतो, न्यायालयीन शुल्क नसते, आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर गुणवत्तेवर निर्णय दिला जातो. हा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो. बिलाचा वाद, न मिळालेले कागद, योजनेचा नाकारलेला लाभ अशा प्रकरणांत इथे जलद सुटका होऊ शकते.

तक्रार करण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी. फोनवरचे बोलणे पुराव्याला उपयोगी पडत नाही. वैद्यकीय अधीक्षकांना एक पानी अर्ज, त्यावर तारीख आणि वेळेसह पोच, सोबत शिधापत्रिका किंवा दाखल्याची प्रत, आणि तीच प्रत त्याच दिवशी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाला. पोच नाकारली तर ई-मेल आणि नोंदणी डाक. रुग्णालय माहिती अधिकाराखाली येत नसले तरी त्याने धर्मादाय कार्यालयाला दिलेली खाटांची आणि निधीची विवरणे तिथून मागता येतात. माहिती देण्याची साधी मुदत ३० दिवसांची आहे. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांची, आणि तसे अर्जाच्या पहिल्या ओळीतच लिहावे.

वकिलांनी सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था घडवणे महाराष्ट्राला नवे नाही. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा घडवताना फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोन वकिलांनी विधिमंडळात झुंज दिली होती. आज त्याच कायद्याच्या कलम ६१ मध्ये रोगप्रसार रोखणे आणि सार्वजनिक रुग्णालये चालवणे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून नोंदलेली आहेत.

आमच्या मागण्या मर्यादित आहेत. धर्मादाय रुग्णालयाने वकील विश्वस्त नेमताना त्या ठरावातच लिहावे की ते संस्थेचे वकीलपत्र घेणार नाहीत. निर्धन रुग्ण निधीचे मासिक विवरण, राखीव खाटांची नोंदवही आणि त्या महिन्यात नाकारलेल्या अर्जांची कारणे त्यांच्यापुढे यावीत, आणि त्यांचा शेरा इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवला जावा. धर्मादाय आयुक्त कार्यालयाने तपासणीच्या वेळी ते शेरे मागवावेत. वकील संघांनी आपल्या सभासदांपैकी कोण कोणत्या रुग्णालयाच्या मंडळावर आहे याची यादी जिल्हा न्यायालयाच्या आवारात लावावी, म्हणजे खाट नाकारलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला दार कोणाचे ठोठवायचे ते कळेल.

आपले,
सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वकील व वैद्यकीय समाजसेवक